भागूबाईची निळी पेटी

मी एक जुनी, निळी, मांजरं न्यायची पेटी आहे. मित्रांनो, पेटीला कसलं आलंय आयुष्य आणि कसलं आलंय सांगणं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. पण मी जन्मभर घाबरत आले आहे, आणि घाबरणाऱ्यांजवळ सांगण्यासारखं पुष्कळ असतं. फक्त त्यांना कोणी विचारत नाही. तुम्हीही विचारलेलं नाही, मीच आपली सांगत सुटले आहे.

माझा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. वरचं अर्धं अंग एका साच्यातून निघालं, खालचं दुसऱ्यातून, आणि मग पुढे तारेच्या जाळीचं दार बसलं. एका बाईने ते दोनदा उघडून मिटून पाहिलं, "पास" म्हणाली आणि मला पुढे ढकललं. कौतुक म्हणून माझ्या वाट्याला आलं ते एवढंच. ज्यांच्यासाठी मला बनवलं, ती मांजरं तर मला पाहिलं की धूम ठोकतात. मी घरात दिसले म्हणजे दवाखाना, सुई नाहीतर परकं घर, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांचं काही चुकत नाही.

पहिली काही वर्षं मी एकाच घरात होते. तिथलं पांढरं मांजर म्हातारं होऊन गेलं, आणि मला माळ्यावर टाकलं. जुन्या गाद्या आणि बिघडलेला पंखा यांच्या मध्ये मी किती दिवस पडून होते कोण जाणे. एकदा तो पंखा काढताना मी वरून खाली आदळले आणि माझ्या दाराचा खटका मोडला. मोडकी वस्तू दान करायची म्हटलं की माणसांचं मन फार मोठं होतं. दुसऱ्याच दिवशी मी ताईकडे पोहोचले.

ताई शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. शाळा सुटली की ती रस्त्यावरची आजारी, टाकून दिलेली मांजरं उचलून आणते, बरी करते आणि त्यांच्यासाठी घर शोधते. तिची संस्था म्हणजे ती स्वतः, एक निवृत्त नर्सबाई, एक टेम्पोवाला आणि भाड्याची एक खोली. पेटी एकच. ती मी.

ताईची एक पद्धत आहे. मांजर नव्या घरी द्यायचं ते माझ्यासकट. दहा दिवस मी त्या घरात एका शांत कोपऱ्यात राहायचं, अंगावर जुनी चादर, दार सताड उघडं. परक्या जागेत मांजराला ओळखीचा वास हवा आणि लपायला जागा हवी, म्हणून. दहाव्या दिवशी ताई येते. मांजर रुळलेलं असलं तर ती मला रिकामी घेऊन जाते. नाहीतर भरलेली. जिना उतरताना ताईच्या हाताला लागणारं माझं वजन, हाच माझा निकाल. हलकी असले की ती मला झुलवत नेते. जड असले की दोन्ही हातांनी पोटाशी धरते आणि वाटेत एक शब्द बोलत नाही.

आता माझ्या भीतीचं मूळ सांगते. मोडक्या खटक्यामुळे माझं दार लागलेलं दिसायचं, पण लागलेलं नसायचं. एका संध्याकाळी ताई मला घेऊन औषधाच्या दुकानासमोरचा रस्ता ओलांडत होती. आत एक नारिंगी बोका होता. ट्रकने कर्कश हॉर्न वाजवला, बोक्याने दाराला धडक दिली आणि दार उघडलं. तो गाड्यांच्या मधून गेला. ताई तीन दिवस त्या रस्त्यावर हाका मारत फिरली. तो सापडला नाही.

तिने मला बोल लावला नाही. घरी आल्यावर तिने माझ्या दाराला सुतळी बांधली. वाटेत दार घट्ट बांधायला तीच सुतळी, आणि घरात ते उघडं राहावं म्हणून मागे कडीला बांधायलाही तीच. तेव्हापासून एकच मागणं मी मनात धरून होते. मला एक धड खटका मिळू दे. असा, की पुन्हा कधी कोणी माझ्यातून निसटणार नाही.

मग भागूबाई आली. बाजारातल्या एका बंद गाळ्यातून मांजराचा आवाज येतो, असं कोणीतरी ताईला सांगितलं. मालक गाळा बंद करून परगावी गेला होता. त्याला फोन करून ताईने चावीवाल्या काकांना बोलावलं. हे काका साठीचे, बोटं तेलाने काळी, आणि खांद्याला एक चामड्याची पिशवी कायम लटकलेली. त्यांनी दाराला कान लावला. आतून काहीच ऐकू येईना.

"ताई, बाहेरून एवढं मोठं कुलूप आहे. आत कोण असणार?" ते म्हणाले. "चाळीस वर्षं हेच करतोय. बंद म्हणजे रिकामं."

"तरी उघडा हो काका."

आत एका खोक्याच्या मागे राखाडी रंगाची, एक कान फाटलेली मांजरी होती. तिने किती दिवस ओरडून काढले होते देव जाणे. आवाज पार बसला होता, आणि पुढे आवाज बरा झाला तरी तिने तो वापरणंच सोडून दिलं. भूक लागली तरी गप्प, सुई टोचली तरी गप्प. पाल चुकचुकली तरी कपाटाखाली. नर्सबाईंनी तिचं नाव ठेवलं भागूबाई. मला ते नाव ऐकून बरं वाटलं. आता आम्ही दोघी झालो.

भागूबाई माझ्यातून दोन घरी गेली आणि दोन्ही घरांहून परत आली. पहिल्या घरच्या बाई चौथ्याच दिवशी म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, मांडीवर बसेल. हिचं तर तोंडसुद्धा दिसत नाही." दुसऱ्या घरात ती आठवडाभर फ्रिजच्या मागे बसून राहिली, शेवटी त्यांनी फ्रिज सरकवला आणि झाडूने तिला माझ्यात ढकललं. त्या दिवशी परत येताना ती माझ्या तळाशी इतकी चिकटून बसली होती, की तिचं काळीज माझ्या अंगाला धडधडताना कळत होतं. ताईने मला पोटाशी धरलं होतं. नर्सबाई हळूच म्हणाल्या, "आता शेवटचं एकच घर बघू, नाहीतर इथेच राहू दे. तिसऱ्यांदा परत आली ना, तर ती खाणं सोडेल." ताईने मान डोलावली.

आणि मग, एके दिवशी खोलीच्या किल्लीची जोड बनवून द्यायला चावीवाले काका आले आणि त्यांनी विचारलं, "ते गाळ्यातलं मांजर कसं आहे?"

काकांचं घर दुकानाच्या मागेच होतं. पुढे दुकान, तिथे किल्ल्या घासायचं मशीन, मागे दोन खोल्या. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण. तिला सगळी आळी आक्का म्हणायची. आक्काला मांजर नको होतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दोघांच्या घरात तिसरं कशाला? सगळीकडे केसच केस. आणि मी सांगून ठेवते, मी हिचं काही करणार नाही." मी मनात म्हटलं, झालं, परतीची तयारी.

काकांनी मला आतल्या खोलीत कॉटखाली ठेवलं. ताईने स्वतः चादर घातली, दार सुतळीने मागे बांधलं आणि बजावलं, "पेटी हलवायची नाही, दार मिटायचं नाही. तिचं ती येईल."

पहिले तीन दिवस भागूबाई माझ्यातून निघालीच नाही. चौथ्या दिवशी ती लोखंडी कपाटाच्या मागे जाऊन बसली. रोज दुपारी काका दुकानात असताना मी एक गंमत ऐकायचे. आक्का कपाटासमोर फतकल मारून बसायची, वाटीत माशाचा तुकडा सरकवायची आणि दबक्या आवाजात बोलायची. "खा गं. त्याला सांगू नकोस मी दिलं म्हणून. तू गप्प, मी गप्प, बरं जमेल आपलं. मलाही या घरात दिवसभर बोलायला कोण आहे? तो आणि त्याच्या किल्ल्या." सहाव्या दिवशी भागूबाई दोघं जेवत असताना बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. दोघांनी घास हातातच धरून ठेवला. आठव्या दिवशी ती काकांच्या चामड्याच्या पिशवीत झोपली. दोन दिवस उरले होते. मी दिवस मोजत होते, आणि मोजायलाही भीत होते.

नवव्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काका कॉटजवळ वाकले आणि त्यांना माझी सुतळी दिसली.

"ही काय अवकळा!" ते म्हणाले. "चावीवाल्याच्या घरातून पेटी अशी जायची? लोक काय म्हणतील?"

त्यांनी सुतळी कापून फेकून दिली. छोट्या कानशीने माझी जुनी खाच साफ केली, स्प्रिंगचा नवा खटका बसवला, तेल दिलं, अंगठ्याने वीसदा दाबून पाहिला. "बघ आक्का, नुसतं ढकललं की आपोआप बसतो. बाहेरून दाबल्याशिवाय हत्तीलाही उघडणार नाही." मग दार उघडं ठेवून त्यांनी मला होते तिथे सरकवलं. मित्रांनो, काय सांगू तुम्हाला, माझा आनंद गगनात मावेना. कारखान्यातल्या बाईनंतर मला कोणी "पास" केलं ते काकांनीच. आता माझ्यातून कोणी निसटणार नव्हतं. दार उघडं राहायलाही तीच सुतळी लागत होती, हे त्या आनंदात माझ्याही ध्यानात आलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाने दुकानाच्या पायरीवर शटरच्या लोखंडी पट्ट्यांचा गठ्ठा धाडकन टाकला. भिंती हादरल्या. भागूबाई पिशवीतून उडाली. कपाट तिच्या वाटेतच होतं, पण ती तिकडे गेली नाही. ती सरळ माझ्याकडे आली आणि माझ्या तळाशी जाऊन बसली. इतक्या वर्षांत कोणी स्वतःहून माझ्याकडे धावत आलं नव्हतं. मला भरून आलं. मी म्हटलं, बस गं बाई, मी आहे.

थोड्या वेळाने आक्का झाडू घेऊन आली. तिने कॉटखाली झाडू फिरवला. झाडूचा दांडा चादरीवरून माझ्या दाराला लागला. एरवी दार डुगडुगून परत उघडलं असतं.

टक्.

मशीनच्या घरघरीत तो आवाज कोणालाच ऐकू गेला नाही. आक्का केर भरून निघून गेली.

भागूबाईने मान वळवली. ती उठली, दाराजवळ आली, नाक लावलं. मग पंजा लावला. मग दोन्ही पंजे. दार हललं नाही. हलणार कसं? मला तर तसंच हवं होतं ना? मग ती जी सुरू झाली ती थांबेना. जाळी ओरबाडली, दाताने तार ओढली, अंग आपटलं. पण आवाज म्हणून काढला नाही. काढ गं, मी जिवाच्या आकांताने म्हणत होते, एकदा ओरड, आक्का बाजूच्या खोलीत आहे. तिचं तोंड उघडलं, पण त्यातून काही आलं नाही. तिच्या नखातून रक्त आलं. ती मागे सरकली, एका कोपऱ्यात मुटकुळं करून बसली आणि तोंड उघडं ठेवून धापा टाकू लागली. तिला तो गाळा आठवत असणार. मला नारिंगी बोका आठवत होता. त्याच्या वेळी मी उघडले म्हणून, आणि आज मिटले म्हणून. माझ्यासारखी अभागी पेटी मीच.

दुपारी आक्काने कपाटापाशी वाटी ठेवली आणि तिला वाटलं, भागूबाई दुकानात पिशवीत झोपली असेल. काकांना वाटलं, ती आक्कापाशी असेल. चादरीखाली उकाडा वाढत गेला. भागूबाईचं डोकं हळूहळू पंजांवर टेकलं. मी तिचे श्वास मोजत बसले होते. कधी एखादा यायला उशीर झाला की माझा जीव कासावीस व्हायचा.

चार वाजता काका आत आले. "आक्का, भागू कुठाय? ताई यायची वेळ झाली."

"तुझ्याकडे नाही?"

मग शोधाशोध सुरू झाली. कपाटामागे, भांड्यांच्या रॅकमागे, पिंपाच्या खाली. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. ती पाहिली आणि काकांचा चेहरा पडला. ते कॉटपाशी आले, गुडघ्यावर बसले, चादर उचलली. मित्रांनो, त्यांचा हात माझ्या दारापासून चार बोटांवर होता. भागूबाई पार मागच्या अंधारात होती, राखाडी, हलत नव्हती. त्यांनी बंद दार पाहिलं. आपला चकचकीत खटका नीट बसलेला पाहिला.

"बंद आहे. इथे नाही," ते म्हणाले आणि चादर सोडून दिली.

मी किंचाळत होते. पेटीचं किंचाळणं कोणाला ऐकू येत नाही.

काका उठले आणि आक्काकडे वळले. "तूच सोडलीस ना तिला? पहिल्या दिवसापासून नको होती तुला."

"मी?" आक्का म्हणाली.

"खिडकी कोणी उघडली? मी उघडली का?"

"धूर झाला म्हणून उघडली रे. मी तिला... मी तिला कशाला सोडेन?" काका चपला न घालताच गल्लीत धावले. "भागू! भागू!" त्यांचा आवाज लांब लांब जात होता. अशीच हाक मी औषधाच्या दुकानासमोर ऐकली होती, तीन दिवस.

ताई आली तेव्हा आक्का पायरीवर बसली होती. तेवढ्यात काकाही परत आले, पायाला खरचटलेलं, घामाघूम. "ताई, तुमचं मांजर मी घालवलं," ते म्हणाले आणि रडू लागले. ताईने त्यांना बसवलं. ती कोणाला रागावली नाही, पण तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ऊन उतरलं की मांजरं बाहेर येतात. आपण तिघं तीन बाजूंनी जाऊ. चला."

आक्का उठली. "नुसत्या हातांनी आणणार आहात का तिला? सापडली तर ओरबाडून पुन्हा पळेल. थांबा, पेटी आणते." ती आत आली, वाकली, चादर बाजूला केली आणि मला एका हाताने उचललं. रिकाम्या पेटीला लागतो तेवढाच जोर तिने लावला होता. मी जमिनीवरून जेमतेम हलले आणि तिचा हात खाली आला.

ती तशीच वाकलेली थांबली. मग पुन्हा उचलून पाहिलं.

"अरे," ती म्हणाली. "अरे, ही जड आहे."

एवढ्या वर्षांत माझं वजन ही कोणाला कधी आनंदाची बातमी नव्हती. त्या दिवशी होती. काका धावत आले. खटका दाबताना त्यांचा अंगठा दोनदा घसरला. दार उघडलं. भागूबाई हलली नाही. आक्काने जमिनीवर बसकण मारली आणि तिच्या त्या दबक्या आवाजात म्हणाली, "ये गं. मी आहे. ये." बराच वेळ गेला. मग एक पंजा बाहेर आला.

"आक्का, मी तुला काय काय बोललो..." काका म्हणाले.

"ते नंतर. आधी पाणी आण."

भागूबाई पाणी प्यायली, पुष्कळ प्यायली. ताईने तिची नखं पुसली, अंग चाचपलं, डोळे पाहिले. काका बाजूला उभे राहून म्हणाले, "घेऊन जा तिला, ताई. गाळ्याच्या वेळी मी म्हणालो होतो, बंद म्हणजे रिकामं. आज पुन्हा तेच केलं, आणि कुलूपही माझ्याच हातचं. मला मांजर ठेवायची लायकी नाही." आक्काने पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. मी उघड्या दाराने जमिनीवर पडले होते. ताईने एकदा मला पाहिलं, एकदा भागूबाईला. नर्सबाईंचे शब्द तिला आठवत असणार, मला तर आठवतच होते. सगळा निकाल आता तिच्या हातात होता.

तेवढ्यात दुकानात कोणीतरी फळी वाजवून हाक मारली, "आहे का कोणी?"

भागूबाई दचकली. ताईच्या हातातून सुटली. मी तिच्या अगदी समोर होते, दार उघडं. ती माझ्याकडे आली नाही. ती आक्काच्या मांडीवर चढली, तिच्या काखेत डोकं खुपसलं आणि पहिल्यांदाच ओरडली. फार मोठ्याने नाही. कडी न घातलेलं दार वाऱ्याने कुरकुरावं, तेवढाच आवाज.

ताईने डोळे पुसले आणि मला उचललं. "मी पेटी घेऊन जाते," ती म्हणाली.

निघण्याआधी काकांनी तो खटका काढला. त्या जागी साधी कडी बसवली, हाताने लावल्याशिवाय न लागणारी, आणि बाजूला एक आकडा, दार मागे अडकवून ठेवायला. मग त्यांनी ते दार एकदा उघडून आकड्यात अडकवलं आणि आत हात घालून पार मागच्या कोपऱ्यापर्यंत चाचपून पाहिलं.

गल्लीतून जाताना ताई मला झुलवत होती. मी हलकी होते. तळाशी भागूबाईच्या नखांचे ओरखडे आहेत, ते अजून आहेत.

मित्रांनो, माझी भीती गेली असं काही झालेलं नाही. उद्या ताई मला पुन्हा घेऊन निघेल, आत कोणीतरी थरथरत असेल, आणि कदाचित ते तुमच्याच घरी येईल. ते मांडीवर बसणार नाही. आठवडाभर तोंडही दाखवणार नाही. त्याला बाहेर ओढू नका. माझं दार आकड्यात अडकवून ठेवा आणि वाट बघा. आणि कधी ते घरात कुठेच दिसलं नाही, तर कोणावर ओरडण्याआधी एवढं करा. मी बंद दिसले, तरी मला एकदा उचलून बघा.